खंडाच्या दिवशीचा शोध

दिनांक ३० मार्च १९८४ रोजी दुपारी बाराच्या सुमारास, आमच्या तालुका विहीर नोंदणी कार्यालयात, शालन खैरनार नावाच्या हंगामी टंकलेखिकेने टाइपातली चूक झाकणारं पांढरं औषध शोधून काढलं.

असं काही झालेलं नाही. त्या दिवशी शालनबाई कार्यालयात नव्हत्याच, त्यामुळे शोधबिध लागायचा प्रश्न येत नाही. हे मी नाही म्हणत, फाइल म्हणते. फाइलीत खाली माझी सही आहे, पण तिचं नंतर बघू.

तसलं औषध परदेशात आधीच बाटलीतून विकत मिळत होतं, असं पुढे कळलं. पण जगाचं टपाल आमच्या तालुक्याला उशिरा यायचं, आणि आलं तरी आवक क्रमांक पडेपर्यंत कोणी उघडायचं नाही.

तर जे झालं नाही, ते असं झालं.

"बाई, उद्या तुमचा खंड," आदल्या दिवशी संध्याकाळी धामणकर साहेब म्हणाले. "उद्या येऊ नका."

"बरं साहेब."

"पण अहवाल परवा जिल्ह्याला पोचायचाय. तेव्हा या."

"म्हणजे येऊ?"

"येऊ नका. म्हणजे या, पण येऊ नका. हजेरीपटावर सही नको, पुढचं दार नको. मागून या. कोणी विचारलंच तर विहिरीचा दाखला न्यायला आलेय म्हणा."

"साहेब, मला विहीर नाही."

"नसू द्या. तालुक्यात निम्म्या दाखल्यांना विहीर नाही."

खंड म्हणजे काय ते सांगतो. हंगामी माणसाला एकोणतीस दिवसांचा हुकूम मिळे. तिसाव्या दिवशी त्याला नोकरीवरून काढत आणि एकतिसाव्या दिवशी परत घेत. कारण सलग नोकरी झाली की माणूस हक्क सांगू लागतो, आणि हक्क सांगणारा माणूस कार्यालयात बरा दिसत नाही. शालनबाई अडीच वर्षं अशा तुकड्यातुकड्याने नोकरी करत होत्या. काढलेल्या दिवशीही त्या कामावर येत, कारण त्या नोकरीवर नसल्या तरी काम असायचं.

त्या वर्षी मात्र टंकलेखकाची एक कायम जागा मंजूर झाली होती. साहेबांनी शब्द दिला होता, "विहीर गणनेचा अहवाल वेळेत आणि बिनचूक गेला, की खंड माफ करून तुमची शिफारस करतो." शालनबाईंना ती जागा हवी होती. नवरा चार वर्षांपूर्वी भिवंडीला मागावर जातो म्हणून गेला होता आणि पोचल्याचं अजून कळवायचा होता. मुलगी कुमुद आठवीत होती. घरमालक दर महिन्याला विचारायचा, "बाई, या महिन्यात तुम्ही नोकरीवर आहात की नाही, एकदा नक्की सांगा."

ती जागा आणखी एकाला हवी होती. आमचे हेडक्लार्क चंद्रात्रे अण्णा यांच्या भाच्याला. त्याचा अर्ज अण्णांच्या वरच्या खणात, अडकित्त्याखाली, सुरक्षित होता.

मी बावीस वर्षांचा, सात महिन्यांपूर्वी लागलेला कनिष्ठ लिपिक. परिविक्षाधीन. म्हणजे मला काढायला खंडाचीही गरज नव्हती. माझी कार्यालयात एकच ख्याती होती, मी विनोद करतो. कोणी हसायचं नाही, पण ख्याती होती.

तीस तारखेला सकाळी साहेब जीप घेऊन विहिरींच्या पाहणीला गेले. शालनबाई मागच्या दाराने आल्या आणि शेवटचं पान टाइप करून यंत्रातून काढलं. शेहेचाळीस पानं, मूळ एक आणि कार्बनच्या चार प्रती. अण्णांनी वरचं पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अतिशय समाधानाने म्हणाले, "खैरनारबाई, हे साल कोणतं?"

"चालू साल, अण्णा."

"चालू साल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. तुम्ही काय टाइप केलंय? ब्याऐंशी-त्र्याऐंशी."

बाईंनी दुसरं पान पाहिलं. मग दहावं. मग एकदम शेवटचं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागचं साल बसलं होतं.

"तुम्ही दिलेल्या नमुन्यावरून केलंय, अण्णा. मागच्या वर्षीचा अहवाल तुम्हीच दिलात. म्हणालात, डोळे मिटून यावरून करा."

"नमुना हा नमुन्यासाठी असतो. डोळे मिटा म्हटलं म्हणजे खरंच मिटायचे?"

आमच्याकडे प्रत्येक अहवाल मागच्या वर्षीच्या अहवालावरून होई, आणि तो त्याच्या मागच्या वर्षीच्या. त्यामुळे तालुक्यात तीन दुष्काळ येऊन गेले तरी आमच्या एकाही विहिरीचं पाणी कमी झालं नव्हतं. बदलायचं असायचं ते फक्त साल. तेवढं अण्णा दर वर्षी टाइप करणाऱ्याला सांगायचे. या वर्षी ते सांगायचे विसरले, किंवा विसरायचं त्यांच्या लक्षात राहिलं.

"सही घेऊन दुरुस्त करता येईल ना?" मी विचारलं.

"गायधनी, नियम वाचा कधीतरी."

नियम मला पाठ होता. टाइप केलेल्या कागदावर काही खोडलं, तर ते खोडलेलं दिसलं पाहिजे आणि त्याशेजारी अधिकाऱ्याची छोटी सही पाहिजे. अण्णा तिथे पेन्सिलीने फुली मारत, साहेब फुलीवर सही करत. आपण कशावर सही करतोय ते साहेबांना फुलीमुळे कळे, आणि तेवढंच कळे. पण वर्षअखेरच्या अहवालाला तीही सोय नव्हती. एक जरी खाडाखोड दिसली तरी जिल्हा कार्यालय गठ्ठा परत पाठवी.

अण्णांनी तिथल्या तिथे एक टिपणी लिहिली: टंकलेखिकेने शेहेचाळीस पानांवर सालाची चूक केली असून तिला पुढील हुकूम देण्यात येऊ नये. मग रजिस्टर ओढलं आणि टिपणीवर क्रमांक टाकला. ३१७.

"अण्णा, क्रमांक कशाला टाकलात?" बाई म्हणाल्या. "साहेब येऊ द्यायचे होते."

"आता पडला. क्रमांक पडला की कागद माझा राहत नाही, सरकारचा होतो." आणि सरकारला कागद अर्पण करून अण्णा जेवायला घरी गेले. ते अकराला जेवायला जात, म्हणजे एकच्या सुट्टीत विश्रांती घेता येई.

शालनबाई यंत्रासमोर बसून राहिल्या. मी विनोद करायचा विचार केला, पण सुचला नाही. तेवढंच त्या दिवशीचं माझं सत्कृत्य.

"गायधनीभाऊ," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "गणपतीचा डोळा चुकला तर आपण काय करतो?"

"आपण? मी नमस्कार करतो."

"कारखान्यात हो. मी रविवारी सोनारांच्या कारखान्यात मूर्तींची आखणी करते ना. भुवई, डोळे, गंध. कधी एक डोळा वर जातो. मग काय, गणपती रद्द करतो? पांढरा हात देतो, वाळू देतो, वरून परत डोळा काढतो. देव पाटावर बसतो, लोक नवस बोलतात. कोणी विचारत नाही, आधीचा डोळा कुठे होता."

"देवाला खाडाखोड चालते, बाई. जिल्हा कार्यालयाला नाही."

"देवाला कळत नसेल, आणि यांना कळेल?"

त्या मागच्या दाराने गेल्या आणि वीस मिनिटांत परत आल्या. हातात कुमुदची नेलपॉलिशची बाटली होती, जत्रेत घेतलेली, धुऊन रिकामी केलेली. आत पांढरं. कारखान्यातली झिंकची पूड आणि डिंकाचं पाणी. झाकणातच कुंचला.

पहिला प्रयोग एका कोऱ्या कागदावर केला. कागद भिजून आंबोळीसारखा फुगला. दुसऱ्यात पाणी कमी घातलं, तर वाळल्यावर पांढऱ्याचे पोपडे उडाले आणि अण्णांच्या टेबलावर पडले. तिसऱ्यात डिंक वाढवला. बाईंनी कुंचला बाटलीच्या काठावर निरपला, श्वास धरला, आणि चुकीच्या आकड्यांवरून एकच हात फिरवला, डावीकडून उजवीकडे. फुंकर मारली. दोन मिनिटांनी कागद यंत्रात चढवला आणि वरून टाइप केलं: ८३-८४.

मी कागद उजेडाकडे धरला. तिरका धरला. नाकाजवळ नेला.

"काय?" बाई म्हणाल्या.

"गणपतीचा वास येतोय."

"आकडे बघा."

आकडे असे बसले होते, जणू जन्मापासून तिथेच होते.

"अजून दोनशे एकोणतीस," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

पुढचे चार तास आम्ही जे केलं त्याला सरकारी भाषेत शब्द नाही. बाई पांढरं लावायच्या, मी कागद वाळत घालायचो. आधी टेबलं भरली. मग कपाटांचे माथे, खिडक्यांच्या कडा, साहेबांची खुर्ची. मग जमीन. साहेबांचा पंखा लावला तर कागद उडाले, म्हणून प्रत्येक कागदावर एकेक दगड ठेवला. विहिरींच्या खडकाचे नमुने कपाटात भरपूर होते आणि पहिल्यांदाच ते कशाच्या तरी उपयोगी पडत होते. मूळ प्रतीवर सरळ टाइप करता येई. कार्बन प्रतीवर जांभळं अक्षर हवं, म्हणून बाईंनी कार्बनचे बोटभर तुकडे कापले आणि प्रत्येक वेळी आकड्यांपुरता तुकडा वर धरून टाइप केलं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शिकवणारे जेवायला गेले होते.

मध्येच एक म्हातारे बाबा दारात उभे राहिले. आतलं दृश्य त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कुरडया घातल्या का?"

"हो बाबा," मी म्हणालो. "सरकारी आहेत. खाऊ नका."

"आमची विहीर आटली, तिचं नाव काढायचं होतं."

"नाव लावायचा फॉर्म आहे. काढायचा नाही."

"मग?"

"मग तुमच्या विहिरीत पाणी आहे."

बाबांना आनंद झालेला दिसला नाही. जाताना शालनबाईंकडे बघून म्हणाले, "पोरी, पापडाला जशी जपते तशी जपते कागदाला. पगार चांगला असेल."

"आज नाही, बाबा," बाई कुंचला न थांबवता म्हणाल्या. "आज खंड आहे."

चारला शेवटचा कागद वाळला. शालनबाईंनी सगळे गठ्ठे लावले, टाचले, दोऱ्याने बांधले. त्यांच्या बोटांना, कपाळाला, एका भुवईला पांढरं लागलं होतं. मी म्हणालो, "बाई, भुवई चुकली असेल तर परत काढा." त्या हसल्या. माझ्या विनोदाला कार्यालयात कोणी हसण्याची ती पहिली वेळ. दुसरी आली नाही.

पाचला साहेब आले. अण्णाही आले. अण्णा खरं तर दोनदा आले होते. दोन्ही वेळा दारातून कुरडया बघून, एकही शब्द न बोलता परत गेले होते. मी त्याचा अर्थ मूकसंमती असा घेतला होता. मी लहान होतो.

साहेबांनी अहवाल चाळला. "वा! बाई, वा. मला वाटेत अण्णा भेटले, म्हणाले सालाचा घोळ झालाय. कुठे आहे घोळ?"

"दुरुस्त केला, साहेब."

"कुठे केला? दिसत नाही."

"तोच तर," अण्णा पुढे झाले. "तोच तर मुद्दा आहे, साहेब. खाडाखोड झालेली आहे, आणि दिसत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? नियम काय? खाडाखोड दिसली पाहिजे आणि तिच्यावर आपली सही पाहिजे. दिसत नसेल तर सही कुठे करणार? आणि सही नसेल तर ही दुरुस्ती कोणाची? उद्या कोणी म्हटलं, साहेबांनी बनावट अहवाल पाठवला—"

बनावट हा शब्द ऐकून साहेब खुर्चीत बसले. खुर्चीत एक दगड राहिला होता. ते परत उठले.

"मग जिथे जिथे पांढरं लावलंय तिथे लाल शाईने गोल करा," ते म्हणाले. "मी गोलाशेजारी सही करतो."

"दोनशे तीस गोल?" शालनबाई म्हणाल्या. "साहेब, मग पांढरं कशाला लावलं? जिल्ह्याहून गठ्ठा परत येईल."

"गोल केले तर परत येईल," अण्णा म्हणाले, "आणि नाही केले तर आपण जाल."

साहेबांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. त्यांनी कपाळ पुसलं. "हे पांढरं कोणत्या नियमाखाली लावलं? कोणी परवानगी दिली? हे आहे तरी काय?"

"गणपतीचं आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"देवाला मध्ये आणू नका."

सगळे गप्प झाले. साहेबांकडे अहवाल होता, उत्तम होता, वेळेत होता, आणि त्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. अशा शांततेत माझ्यासारख्या माणसाला राहवत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "यात अवघड काय आहे? बाईंचा आज खंड आहे. म्हणजे आज कार्यालयात टंकलेखिका नाही. टंकलेखिका नाही म्हणजे टंकन नाही. टंकन नाही म्हणजे दुरुस्ती नाही. मग सही कशावर करायची? संपलं."

कोणी हसेल म्हणून मी थांबलो. कोणी हसलं नाही.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू, ढगातून ऊन यावं तसं, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"गायधनी," ते म्हणाले, "परत बोला."

"साहेब, मी गंमत—"

"परत बोला."

मी परत बोललो. दुसऱ्यांदा ते विनोदासारखं वाटत नव्हतं. दुसऱ्यांदा त्याला नियमाचा वास यायला लागला होता.

"अण्णा, काय म्हणता?"

अण्णांनी चष्मा पुसला. तीस वर्षांत त्यांना इतका निर्दोष युक्तिवाद भेटला नव्हता. "पोरगा हुशार आहे," ते म्हणाले. "टिपणी करून ठेवावी. उद्या प्रश्न निघायला नको."

मला सांगायला लाज वाटते, पण माझी छाती फुगली. सात महिन्यांत माझं बोलणं पहिल्यांदा कोणी गंभीरपणे घेतलं होतं.

"घ्या, टाइप करा," साहेब म्हणाले.

कोणाला म्हणाले, हे कळायला आम्हा सगळ्यांनाच एक क्षण लागला. कार्यालयात टाइप येणारं माणूस एकच होतं.

शालनबाई यंत्रासमोर बसल्या. कागद चढवला.

साहेब सांगू लागले. "आज दिनांक ३० मार्च १९८४ रोजी कार्यालयात टंकलेखिका हजर नव्हती." टक टक टक. "सबब कोणतेही टंकन अथवा दुरुस्ती झालेली नाही." टक टक. "कार्यालयात कोणताही पांढरा पदार्थ वापरण्यात आला नाही. अहवाल आहे त्या स्वरूपात सादर करण्यात येत आहे. खाली हजर कर्मचाऱ्यांच्या सह्या."

बाईंचा हात कुठेही अडखळला नाही. कागद काढून त्यांनी साहेबांसमोर ठेवला. त्यात एकही चूक नव्हती.

हजर कर्मचारी म्हणून अण्णांनी सही केली, आणि मी केली. माझी जरा मोठीच आली.

"साहेब," शालनबाई उठून उभ्या राहिल्या, "अहवाल वेळेत झाला. आता शिफारस?"

"करू की, करू," साहेब म्हणाले. "उद्या नवा हुकूम निघाला की लगेच. उद्या पुढच्या दाराने या." आणि खरोखर मायेने म्हणाले, "भुवईला काहीतरी लागलंय, बाई. पुसा."

एकतीस तारखेला सकाळी अहवाल जीपने जिल्ह्याला गेला. साडेदहाला शालनबाई पुढच्या दाराने आल्या. नवी नसली तरी इस्त्रीची साडी होती. सरळ हजेरीपटाशी गेल्या. हजेरीपटात त्यांचं नाव नव्हतं.

"अण्णा, नाव राहिलं."

"राहिलं नाही. हुकूम निघाला नाही."

"का?"

अण्णांनी फाइल उघडली आणि शांतपणे बाईंकडे वळवली. वर टिपणी क्रमांक ३१७: टंकलेखिकेने शेहेचाळीस पानांवर चूक केली. खाली टिपणी क्रमांक ३१८: कोणीही दुरुस्ती केली नाही.

"चूक आपल्या नावावर आहे, बाई," अण्णा म्हणाले. "एकोणतीस तारखेपर्यंतची. तेव्हा आपण हजर होता. दुरुस्ती कोणाच्याच नावावर नाही. आता साहेबांनी शिफारस करायची तर कशावर करायची? आपणच वाचा. टाइप आपणच केलंय."

साहेब आतून बाहेर आले नाहीत. त्यांना त्या दिवशी खूप टपाल होतं.

शालनबाई माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं रागावतील. मी त्यांचा राग झेलायच्या तयारीने बसलो होतो, म्हणजे मग मला वाईट वाटून मोकळं होता आलं असतं.

"गायधनीभाऊ, तुम्ही तर होतात ना काल?"

"होतो."

"कागद तुम्हीच वाळत घातलेत."

"हो."

"मग सही केलीत तेव्हा वाचलं होतंत?"

मी म्हणालो, "बाई, माझी परिविक्षा—"

"कळलं," त्या म्हणाल्या. मग खाली पडलेली वस्तू उचलून द्यावी तसं म्हणाल्या, "विनोद चांगला होता तुमचा. मला टाइप करतानाच कळला."

त्या गेल्या. या वेळीही पुढच्या दाराने.

मेमध्ये जिल्हा कार्यालयाचं प्रशस्तिपत्र आलं. संपूर्ण जिल्ह्यात खाडाखोडविरहित अहवाल पाठवणारं एकमेव कार्यालय. अण्णांनी ते भिंतीवर लावलं. टंकलेखकाच्या जागेवर अण्णांचा भाचा आला. तो दोन बोटांनी टाइप करायचा आणि त्यातलं एक बोट अंदाजाने पडायचं. आठवड्याभरात अण्णा मला म्हणाले, "गायधनी, त्या बाईंकडून ते पांढरं जरा मागून आणा. खाजगीत."

"कुठलं पांढरं, अण्णा?" मी म्हणालो. "असा पदार्थ कार्यालयात वापरलाच गेला नाही."

"थट्टा पुरे."

मी गेलो. सोनारांच्या कारखान्यात शालनबाई दीडेकशे बिनडोळ्यांच्या गणपतींमध्ये बसल्या होत्या. आता रोज तिथेच होत्या. मी अण्णांचा निरोप सांगितला.

"गणपतीपुरतंच आहे म्हणावं," त्या म्हणाल्या आणि मूर्तीवरची नजर काढली नाही. मी बराच वेळ उभा राहिलो. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि नेहमीप्रमाणे विनोदच सुचत होते. त्यांनी एक डोळा पूर्ण केला, दुसरा सुरू केला. माझ्याकडे पाहणारा तिथे तो एकच डोळा होता. मी परत आलो आणि पुढच्या महिन्यात माझी परिविक्षा समाधानकारकरीत्या पूर्ण झाली.

काही वर्षांनी स्टेशनरीच्या खोक्यातून पांढऱ्या औषधाच्या कंपनीच्या बाटल्या यायला लागल्या. झाकणात कुंचला. सोबत वापराची सूचना: पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, मग टाइप करावं. अण्णा निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत यथावकाश मी बसलो. विहीर नोंदणी कार्यालय पुढे दुसऱ्या खात्यात विलीन झालं, ते खातं तिसऱ्यात, आणि ते कुठे गेलं याचा पत्रव्यवहार चालू आहे. विलीनीकरणाच्या वेळी जुन्या फाइली माझ्या हाताखालून गेल्या. त्यात टिपणी ३१८ सापडली. टाइप अजून स्वच्छ आहे. माझी सही अजून मोठी आहे.

म्हणून रीतसर अर्ज करतो.

प्रति, मा. विहीर नोंदणी अधिकारी, तालुका विहीर नोंदणी कार्यालय (जिथे असेल तिथे).

विषय: विनोद मागे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, दिनांक ३० मार्च १९८४ रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी अर्जदाराने केलेला विनोद हा विनोद होता, त्याचा नियम म्हणून वापर करण्यात येऊ नये. तसेच टिपणी क्रमांक ३१८ मधील "हजर नव्हती" हे शब्द रद्द करून "हजर होती, दिवसभर होती" असे वाचण्यात यावे. ही दुरुस्ती करताना कृपया पांढरे लावू नये. आधीचे शब्द खोडलेले स्पष्ट दिसू द्यावेत, त्याशेजारी अर्जदाराची सही घेण्यात यावी, आणि ती दुरुस्ती टाइप करण्यासाठी श्रीमती शालन खैरनार यांना, मागील सर्व खंड माफ करून, त्या दिवसापासून कायम नेमणूक देण्यात यावी, ही विनंती.